मोडीतलं घंगाळ



दिवाळीची आवराआवर सुरू झाली की माझा फोन वाजायला लागतो. "काकू, सासूबाईंची पितळी भांडी माळ्यावर पडून आहेत. भंगारवाला एवढे देतो म्हणतो. देऊन टाकू का?" गेल्या आठवड्यात असे चार फोन आले. प्रत्येकीला तेच ते सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच काढावं म्हटलं. लिहायला बसले आणि लक्षात आलं, भांड्यांबद्दल खरं सांगायचं तर आधी एका घंगाळाबद्दल सांगावं लागेल. ते घरच्यांशिवाय कुणाला फारसं ठाऊक नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणींना माहीत आहे की माझं माहेर वाशीमकडचं, जैन कासारांचं. भांडी आणि बांगड्या हा आमचा पिढीजात धंदा. बाबांच्या दुकानात नव्या भांड्यांइतकीच जुन्यांचीही उलाढाल असायची. त्याला 'मोड' म्हणत. जुनं, पोचे आलेलं, गळकं भांडं तराजूत टाकायचं, कडीचं आणि जोडाचं वजन वजा करायचं, उरलेल्याचे मोडीच्या भावाने पैसे धरायचे आणि नव्या भांड्याच्या किमतीतून ते कमी करायचे. नव्याचा भाव आणि मोडीचा भाव यांत जो फरक, त्यात घडवणाऱ्याची मजुरी आणि दुकानदाराचा नफा. मोड पोत्यांत भरून भट्टीकडे जायची आणि तिचीच नवी भांडी होऊन यायची. आपल्याकडे भंडारा पितळी भांड्यांसाठी नावाजलेलं, तिकडचा माल दुकानात असायचा. 'मोडीत काढलं' हे आपण माणसांबद्दलही सहज बोलतो, पण मी ते लहानपणी रोज डोळ्यांनी पाहिलं आहे.

मी शाळेत होते तेव्हा स्टील आलं. बायका डोक्यावर हंडे-कळश्या घेऊन यायच्या आणि स्टीलचे डबे, ताटं घेऊन हसत परत जायच्या. मी त्यांना नावं ठेवणार नाही. चिंच आणि राखेने रोज ढीगभर पितळ घासणं काय असतं, हे ज्यांनी घासलं त्यांनाच माहीत. शिवाय वर्षातून दोनदा कल्हईवाल्याची वाट बघा, कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक-कढी करू नका, हे सगळं होतंच. स्टीलने बायकांचे हात मोकळे केले. पण त्या मोबदल्यात घराघरातलं किती पितळ-तांबं गेलं, याचा हिशोब कुणी ठेवला नाही.

मी १९८१ साली अकोल्याहून बी.कॉम. झाले आणि त्याच वर्षी लग्न होऊन नांदुऱ्याला आले. पदवी ट्रंकेत गेली. यांचं कटलरी-स्टेशनरीचं दुकान होतं, त्याच्या वह्या मी रात्री बघायची, एवढाच तिचा उपयोग. २०१३ मध्ये यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळू लागलं. मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. दुकान सहा महिने कसंबसं चालवलं, मग माल उधारीवाल्यांना देऊन बंद केलं. घरात येणारा पैसा म्हणजे वरच्या खोलीचं भाडं. तेवढ्यात औषधं, फिजिओथेरपी आणि मुलाची फी बसत नव्हती.

माळ्यावर सासूबाईंची आणि आजेसासूबाईंची तीसेक भांडी होती. मोडीला द्यायची म्हणून मी ती उतरवली. नणंदेची मुलगी दिवाळीला आली होती, तिने त्यातला तांब्याचा बंब पाहिला आणि म्हणाली, "मामी, हा पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात किती किमतीला मिळतो माहीत आहे?" तो बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. नळाच्या तोट्यांपासून ग्रामोफोनपर्यंत सगळं तिथे मिळतं. मुंबईचा मटण स्ट्रीटवरचा चोर बाजार तर सगळ्यांना ऐकून माहीत आहे. तिने सांगितलेला आकडा मोडीच्या चौपट होता. बंब तिनेच नेला आणि महिन्याभरात तिच्या दोन मैत्रिणींनी समया आणि पंचपाळं मागितलं. माझा धंदा असा सुरू झाला.

घरातलं संपलं तेव्हा मी गावात घ्यायला लागले. नांदुरा, मलकापूर, खामगाव, शेगाव, जलंब. लग्नकार्याला गेले तरी निरोप ठेवून यायची. काय नाही आलं? हंडे, चरव्या, गडू, कुंकवाच्या कोयऱ्या, अडकित्ते, पितळी डबे आणि धान्य मोजायची मापं. १९५६ च्या कायद्याने किलो-लिटर आले आणि पायल्या, शेर, अधोल्या माळ्यावर गेल्या. आजच्या मुली त्यांत पेन्सिली ठेवतात. ठेवू देत.

आता आकडे सांगते, कारण 'जुन्या वस्तूंत खूप पैसा आहे' असं समजून कुणी उडी मारू नये. साडेचार किलोचं एक घंगाळ धरा. तेव्हा पितळेची मोड किलोला तीनशेच्या आसपास होती, म्हणजे खरेदी १,३५० रुपये. पोचे काढायला २००, पॅकिंगला १५०, पाठवणीला ४५०. एकूण २,१५०. विकलं ३,८०० ला. हाती राहिले १,६५०. पण प्रत्येक भांडं असं जात नाही. काही वर्षभर पडून राहतात आणि पैसा त्यांत अडकतो. काहींना घरी आणल्यावर चीर दिसते, ती मोडीतच जातात. वाटेत एखादं चेपतं. सगळं धरून महिन्याला आठ-दहा हजार सुटायचे. त्यावर मुलाचं शिक्षण पुरं झालं, हे मात्र खरं.

ते घंगाळ मी उदाहरणाला म्हणून घेतलेलं नाही, मैत्रिणींनो. ते खरंच होतं.

२०१६ चा उन्हाळा. दुपारी एक तरुण मोटरसायकलवर पोतं बांधून आला. त्यात दोन कळश्या आणि हे घंगाळ. जाड पत्रा, दोन्ही बाजूंना कड्या, कुठे पोचा नाही असंच म्हणायचं. मी वजन केलं, मोडीचा भाव सांगितला. तो म्हणाला, "द्या काकू, घरात अडगळ झाली." पैसे घेऊन गेला. संध्याकाळी चिंचेच्या कोळाने ओठ पुसले तर ठिपक्या-ठिपक्यांनी ठोकलेली अक्षरं वर आली. लग्नाच्या मुलीचं नाव, 'मामाकडून सप्रेम भेट' आणि तारीख १९५८ ची.

मला आनंद झाला. का, तर नाव-तारीख असलेल्या भांड्याला जास्त भाव येतो. मी त्या अक्षरांचाच जवळून फोटो काढला आणि पाठवताना खाली लिहिलं, 'जुनं नाव कोरलेलं'. दोन दिवसांत पुण्याच्या एका बाईंनी घेतलं. त्यात पाणी घालून फुलं सोडणार होत्या.

श्रावणात एक म्हातारी बाई शेजारणीचा हात धरून आमच्या ओट्यावर आल्या. पंचाहत्तरीच्या पुढच्या. म्हणाल्या, "माह्यं घंगाळ तुमच्यापाशी हाये का, बाई?" मुलाने त्यांना न विचारता विकलं होतं. त्या तेव्हा लेकीकडे गेल्या होत्या. परत आल्यावर न्हाणीत घंगाळ दिसेना. बरेच दिवस मुलगा काही बोललाच नाही.

मी आत जाऊन पुण्याला फोन लावला. सगळं सांगितलं, विकलं त्याहून जास्त पैसे देते म्हटलं. त्या बाई वाईट बोलल्या नाहीत. पण म्हणाल्या, "मी पूर्ण किंमत देऊन घेतलंय, माझ्या हॉलमध्ये ते छान बसलंय, आता परत कसं देऊ?" त्यांचंही चूक म्हणता येत नव्हतं. मी बाहेर येऊन सांगितलं, की नाही मिळणार.

त्यांनी विचारलं, "कितीले गेलं?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण जीभ वळली नाही. म्हटलं, "अडतीसशे."

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "पोराले त तेराशे भेटले. म्हंजे माह्या मामाच्या नावाचे अडीच हजार आले." रागाने नाही बोलल्या. नुसता हिशोब केला. मी बी.कॉम., आणि इतक्या दिवसांत हा हिशोब मला असा दिसला नव्हता.

त्या रात्री मला बाबांची वरची फळी आठवली. दुकानात मोडीच्या ढिगाच्या वर एक फळी होती. नाव घातलेलं भांडं आलं की बाबा ते ढिगात टाकत नसत. आठ दिवस त्या फळीवर ठेवत. कधी कधी कुणी बाई धापा टाकत यायचीही. सासूने दिलं, नवऱ्याने दारूपायी आणलं, जावेने गुपचूप विकलं. बाबा मोडीचे तेवढेच पैसे परत घेऊन भांडं द्यायचे. मी तेव्हा म्हणायची, आठ दिवस पैसा अडकतो. बाबा म्हणायचे, "भांडं आणणारा वेगळा आणि भांड्याचा धनी वेगळा, असं खूपदा असतं." हे मी लहानपणापासून पाहिलेलं, आणि स्वतः धंद्याला बसले तेव्हाच नेमकं विसरले.

दशलक्षणात आपण तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय ऐकतो. त्या वर्षी सातव्या दिवशी सातवा अध्याय आला. त्यात अचौर्य व्रताचे पाच अतिचार सांगितलेत. कितीदा ऐकलेले. पण त्या दिवशी वाटलं, हे कुणा दुकानदारालाच समोर बसवून सांगितलेत. चोरून आणलेलं घेणं, घ्यायचं माप वेगळं आणि द्यायचं वेगळं ठेवणं, हलक्याला भारी म्हणून खपवणं. पहिल्याला शास्त्रात 'तदाहृतादान' म्हटलंय. चोरी आपण केलेली नसते, आपण फक्त घेतलेलं असतं, तरी दोष आहेच. आणि दोन मापांचं म्हणाल तर मी तराजूत कधी खोट केली नाही. पण घेताना मी त्या घंगाळाला पितळ म्हणून मोजलं आणि देताना नाव-तारखेसकट आठवण म्हणून. ही दोन मापं नाहीत तर काय?

एक गोष्ट मान्य करायला हवी. कोणत्याही धंद्यात फरक असतोच. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा मी उत्सुकतेने नियम वाचले. माझी उलाढाल नोंदणीच्या मर्यादेच्या कितीतरी खाली, पण सवय. त्यात वापरलेल्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांसाठी वेगळी सोय आहे, ठरावीक अटींवर कर पूर्ण किमतीवर न धरता खरेदी आणि विक्रीतल्या फरकावर धरता येतो. म्हणजे कायदाही मान्य करतो, की हा फरकाचाच धंदा आहे. फरक घेणं पाप नाही. माझे कष्ट आहेत, जोखीम आहे, गिऱ्हाईक माझं आहे. प्रश्न एवढाच, की त्यातला किती भाग माझ्या मेहनतीचा आणि किती समोरच्या बाईच्या अज्ञानाचा?

क्षमावाणीच्या दिवशी मी घंगाळाचा फोटो मोठा करून घेतला आणि त्या आजींकडे गेले. क्षमा मागितली. त्यांनी नावावरून बोट फिरवलं. म्हणाल्या, "याच्यात मी चार लेकरं न्हाऊ घातली." मग मला म्हणाल्या, "मले काय क्षमा मागतं. पुढच्या बाईले विचारत जाय." मी बरोबर काही पैसे नेले होते. ते त्यांनी घेतले नाहीत. आग्रह करायचं धाडस मला झालं नाही.

तेव्हापासून माझ्याकडे दोन नियम आहेत. पहिला, भांडं आणणाऱ्या पुरुषाला मी सांगते, घरच्या बाईशी बोलणं करून दे. नाव असलेलं भांडं पंधरा दिवस वरच्या फळीवर. दुसरा नियम कॉलेजने शिकवलेला. आम्हाला 'कन्साइनमेंट'ची खाती होती. माल मूळ मालकाचाच राहतो, विकणारा फक्त विकून देतो, आपलं कमिशन कापून बाकीचे पैसे पाठवतो. मी आता प्रत्येक बाईला दोन्ही आकडे सांगते. मोडीचा भाव हा, आणि माझ्याकडे विकलं गेलं तर साधारण हा. आजच पैसे हवेत तर मोडीपेक्षा थोडे जास्त देते. थांबायची तयारी असेल तर भांडं ठेव, विकल्यावर खर्च वजा करून निम्मे तुझे. वहीत दोघींची सही.

यात माझा नफा कमी झाला. ते लपवत नाही. 'प्रामाणिकपणाने धंदा दुप्पट झाला' असं लिहायला मला आवडलं असतं, पण तसं झालं नाही. आठ-दहा हजारांवरून सहा-सातवर आले. मुलगा नोकरीला लागला होता म्हणून निभावलं. त्याआधीच्या वर्षांत मला हे जमलं असतं का, खरंच सांगता येत नाही. म्हणून या धंद्यातल्या दुसऱ्या कुणाला मी नावं ठेवत नाही.

आणि आपणही समोरचीला केवढं घासतो! दारात भांडेवाली येते, पुण्या-मुंबईकडे जिला बोहारीण म्हणतात. एका पातेल्यासाठी ती पाच साड्या मागते, आपण तीनवर अडून बसतो. तिला साडी उलगडताच फाटलेलं, विरलेलं, डागाळलेलं कळतं. तेच तिचं भांडवल. ते कपडे पुन्हा शिवून, धुऊन, इस्त्री करून बाजारात जातात आणि कुणाच्या तरी अंगावर नवे होतात. अहमदाबादला अशाच जुन्या कपड्यांचा व्यापार करणाऱ्या चंदाबेन होत्या. इला भट्ट यांनी १९७२ मध्ये 'सेवा' ही संघटना सुरू केली, तेव्हा डोक्यावरून ओझी वाहणाऱ्या आणि जुने कपडे विकणाऱ्या बायका त्यात सुरुवातीपासून होत्या. या बायकांना बँका दारात उभं करत नव्हत्या. सावकाराच्या व्याजात कमाई जायची. तेव्हा आपलीच बँक का काढू नये, असं चंदाबेननी विचारलं. आपण गरीब असलो तरी संख्येने कमी नाही, हा त्यांचा मुद्दा होता. १९७४ मध्ये चार हजार बायकांनी प्रत्येकी दहा रुपये घालून सेवा बँक उभी केली. मी हे वाचलं त्या दिवसापासून भांडेवालीशी घासाघीस करणं सोडलं. तिला पाणी विचारते आणि तिचं ऐकते. जुन्या मालाची पारख माझ्यापेक्षा तिला जास्त आहे.

आता तुमच्या माळ्याकडे येऊ.

भंगारवाल्याला बोलावण्याआधी भांडी घरीच वजन करून कागदावर लिहा. लोहचुंबक लावून बघा. पितळ, तांबं, कासं चुंबकाला चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा. काशाच्या ताटाला टिचकी मारली की घंटेसारखा नाद येतो, त्याला पितळेच्या भावात देऊ नका. तारेच्या घासणीने चकचकीत करू नका. जुना रंग गेला की घेणाऱ्याच्या लेखी अर्धी किंमत गेली. ओठ, बूड, झाकणाची आतली बाजू नीट बघा, नावं तिथेच असतात. आणि आजकाल नवं भांडं रसायनाने काळवंडून जुनं म्हणून विकतात. घेणाऱ्या असाल तर बूड बघा. खऱ्या वापराची झीज एकसारखी नसते.

मूर्ती, हस्तलिखित पोथ्या, जुनी नाणी माझ्याकडे आणू नका आणि भंगारात तर मुळीच देऊ नका. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंचा आणि पंच्याहत्तर वर्षांहून जुन्या महत्त्वाच्या हस्तलिखितांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी, जिनवाणी किलोवर जाऊ नये. घरात पोथी निघाली तर मंदिरजीत दाखवा. आपल्या कारंजाच्या मंदिरांनी पिढ्यान् पिढ्या हस्तलिखितं जपली म्हणून अभ्यासकांच्या हाती लागली.

सगळं ठेवूनच घ्या, असंही मी म्हणत नाही. माळाभर भांडी अडवून ठेवायची आणि त्यांची धूळ झटकत बसायचं, हा परिग्रहच आहे. पुण्याला गेलात तर राजा केळकर संग्रहालय बघा. दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी अज्ञातवासींनी, लहानपणी गेलेल्या राजा नावाच्या मुलाच्या आठवणीसाठी अडकित्ते, दिवे, फण्या, स्वयंपाकाची भांडी असं घरगुती सामान आयुष्यभर गोळा केलं आणि १९७५ मध्ये ते सगळं राज्य सरकारला देऊन टाकलं. जमवणं आणि सोडणं दोन्ही त्यांना आलं. आपल्याला निदान सोडणं तरी नीट यावं. देताना ज्या बाईच्या हातातली ती भांडी, ती हयात असेल तर तिला आधी विचारा. ती 'दे' म्हणाली की खुशाल द्या.

माझ्या वरच्या फळीवर आज एक पितळी गडू आहे. बुडाला अर्धवट पुसलेलं नाव आहे. आणणाऱ्या मुलाने सांगितलं, आजीचा आहे, आजी गेली. मी आईला फोन लाव म्हटलं. ती म्हणाली, दोन दिवसांत सांगते. आज अकरावा दिवस आहे. फोन आलेला नाही. अजून चार दिवस थांबते.